दमाची शिदोरी



बोईसरच्या लगत असलेल्या सरावलीसारख्या गांवांतला एखादा तरुण लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठीं पहांटे रस्त्यावर धावूं लागला, कीं घरच्यांस पहिली चिंता पडते ती त्याच्या खाण्याची. बाजारांत शक्तिवर्धक चूर्णांचे डबे मांडलेले असतात आणि घरची मिळकत बेताची असते. डबा घ्यावा, कीं दूध-भाकरीवर भागवावें? या साध्या प्रश्नामागें शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. तोच आज आपणांस सांगावयाचा आहे.

आरंभ करूं तो सेंट लुइसच्या १९०४ सालच्या ऑलिंपिकपासून. तेथील मॅरेथॉन ऐन उन्हाळ्यांत, धुळीच्या रस्त्यावरून झाली. विजेता टॉमस हिक्स यास वाटेंत पाणी मोकळेपणें दिलें गेलें नाहीं. दिलें गेलें तें अंड्याच्या पांढऱ्यांत कालवलेलें स्ट्रिक्नीन आणि वर ब्रँडी! स्ट्रिक्नीन म्हणजे कुचल्याच्या बियांतील जालीम विष. हिक्स जिंकला खरा, परंतु शेवटीं दोघांच्या आधारानें कसाबसा पुढें सरकला. त्या काळीं यासच उत्तेजक उपाय समजत असत.

आतां आपल्याकडे वळूं. १९१९ सालीं पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत खेड्यांतील शेतकरी अनवाणी धावले. अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनीं तें पाहिलें, आणि हिंदुस्थानचा संघ ऑलिंपिकला धाडण्याची कल्पना त्यांच्या मनांत रुजली. पुढच्याच वर्षीं अँटवर्प येथें बेळगांवकडील फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि २ तास ५० मिनिटांच्या सुमारास एकोणिसावे आले. ज्या मुलखांतून असे धावपटू निघाले, तेथील नित्याचें अन्न म्हणजे ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, कांदा आणि गूळ.

आपल्याकडे खुराक म्हटलें कीं तालीमच डोळ्यांपुढें येते. शाहू छत्रपतींच्या आश्रयानें कोल्हापुरांत कुस्ती फोफावली, १९१२ सालीं खासबागेचें मैदान उभें राहिलें. दूध, तूप आणि बदामाची थंडाई हें मल्लांचें वैभव ठरलें. परंतु मल्लाचा खुराक धावपटूस जसाच्या तसा लागू पडत नाहीं. मल्लाला देहाचें बळ हवें. धावपटूला देहाचा भार न वाढवितां घटकान् घटका पुरणारें इंधन हवें.

तें इंधन कोणतें, याचा उलगडा १९२४ सालीं बोस्टनच्या शर्यतींत झाला. डॉक्टरांनीं धावपटूंचें रक्त तपासलें, तेव्हां जे थकून गलितगात्र झाले होते त्यांच्या रक्तांतील साखर फार उतरलेली आढळली. पुढच्या वर्षीं आदल्या दिवशीं पिष्टमय अन्न आणि धावतांना गोळ्या-मिठाई दिल्यावर त्यांची अवस्था पुष्कळ सुधारली. १९६० नंतरच्या दशकांत स्वीडनमधील संशोधकांनीं स्नायूंचे सूक्ष्म तुकडे काढून दाखविलें, कीं भात, भाकरी, बटाटा अशा अन्नापासून स्नायूंत ग्लायकोजेन सांठतें, आणि तो सांठा जितका मोठा तितका दम अधिक टिकतो.

मग डब्यांचें काय? आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनीं २०१८ सालीं पूरक पदार्थांचा आढावा घेतला. कामगिरी वाढविण्याविषयीं सबळ पुरावा असलेले पदार्थ त्यांस मोजकेच आढळले. दमाच्या खेळांत कॅफीन आणि बीटमध्यें असणारें नायट्रेट हे त्यांपैकीं होत. उलट, त्याच समितीच्या साहाय्यानें कोलोन येथें याआधीं ६३४ पूरक पदार्थ तपासले गेले, तेव्हां ९४ पदार्थांत वेष्टनावर नमूद नसलेलीं निषिद्ध संप्रेरकें निघालीं. म्हणजे सात डब्यांमागें जवळजवळ एक! अशा डब्यापायीं निर्दोष खेळाडूवर बंदीचा कलंक येऊं शकतो, आणि ‘मला ठाऊक नव्हतें’ एवढें म्हटल्यानें तो सहसा धुतला जात नाहीं.

रक्त कमी असेल तर वैद्यकीय सल्ल्यानें लोह अवश्य घ्यावें. तें औषध आहे, चैन नव्हे. बाकी आपल्या भागांतला तांदूळ, नाचणी, डाळ, अंडें, मासळी, केळें, डहाणू-घोलवडचा चिकू, आणि लांब पल्ल्यावर गूळ, चिमूटभर मीठ व पाणी, एवढी शिदोरी सामान्य घरासही पेलते. हिक्सला पाणी नाकारून विष पाजणाऱ्यांस जें उमगलें नव्हतें, तें आज आपणांस ठाऊक आहे. गांवच्या पोरानें डब्यासाठीं कर्ज काढावें, असें त्यांत कोठेंच लिहिलेलें नाहीं.