शब्दांच्या जाती आणि नामाचे प्रकार (इंग्रजी व्याकरण)

वाक्यात शब्द कोणते काम करतो त्यावरून त्याचा जो वर्ग ठरतो, त्याला शब्दाची जात म्हणतात. इंग्रजीच्या शालेय व्याकरणात अशा आठ जाती मानतात : नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी अव्यय, उभयान्वयी अव्यय आणि केवलप्रयोगी अव्यय. नाम म्हणजे व्यक्ती, स्थळ, वस्तू, पदार्थ किंवा गुण यांना दिलेले नाव. इंग्रजीत नामाचे पाच प्रकार शिकवले जातात : विशेषनाम, सामान्यनाम, समूहवाचक, पदार्थवाचक आणि भाववाचक.

जात शब्दाला जन्मतः चिकटलेली नसते. जळगाव जिल्ह्यातल्या रावेरला केळीचा माल ट्रकमध्ये भरताना ‘लोड’ हा शब्द सतत कानावर पडतो. ‘द लोड इज हेवी’ या वाक्यात तो नाम आहे, तर ‘लोड द ट्रक’ म्हटले की तोच क्रियापद होतो. शब्दाचे रूप जराही बदललेले नाही, बदलली ती वाक्यातली जागा. मराठीत नाम आणि क्रियापद प्रत्ययांवरून बहुधा लगेच ओळखू येतात. इंग्रजीत प्रत्यय थोडे, म्हणून शब्दाची जागा पाहावी लागते.

‘ओह! ही अँड हिज ओल्ड फ्रेंड क्विकली लोडेड द ट्रक ॲट रावेर’ या एका वाक्यात आठही जाती सापडतात. ‘ओह’ केवलप्रयोगी, ‘ही’ सर्वनाम, ‘अँड’ उभयान्वयी, ‘ओल्ड’ विशेषण, ‘क्विकली’ क्रियाविशेषण, ‘लोडेड’ क्रियापद, ‘ॲट’ शब्दयोगी आणि ‘फ्रेंड’, ‘ट्रक’, ‘रावेर’ ही नामे. उरतात ‘हिज’ आणि ‘द’. त्यांना कुठे बसवायचे यावर व्याकरणकारांचे एकमत नाही. जुन्या पुस्तकांनी ‘द’ला स्वतंत्र जात दिली, काहींनी त्याला विशेषणांत घातले, आणि आजचे अभ्यासक अशा शब्दांचा निर्धारक हा वेगळा वर्ग करतात.

इतिहास : आठ हा आकडा ग्रीकांकडून आला. डायोनिसियस थ्रॅक्स याच्या नावावर असलेल्या ग्रीक व्याकरणात आठ जाती आहेत, पण त्यांत विशेषण वेगळे नाही. ते नामातच मोडते. लॅटिनमध्ये ‘द’सारखे उपपद नव्हते. तिथल्या व्याकरणकारांनी ती जात गाळली आणि केवलप्रयोगी अव्यय घालून आठाचा मेळ राखला. लिंडले मरे याच्या १७९५ च्या इंग्रजी व्याकरणात जाती नऊ झाल्या. भारतीय परंपरेची मोजणी निराळीच होती. यास्काने नाम, आख्यात (क्रियापद), उपसर्ग आणि निपात (अव्यय) असे चार वर्ग केले, तर पाणिनीने पदांचे सुबन्त (विभक्तिप्रत्यय लागलेली) आणि तिङन्त (क्रियापदाचे प्रत्यय लागलेली) असे दोनच प्रकार मानले.

मराठी शाळेत या दोन वाटा एकत्र आल्या. दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–१८८२) यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची चौकट इंग्रजी व्याकरणाची होती आणि परिभाषा बरीचशी संस्कृत वळणाची. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’ने या विषयाची सर्वांत विस्तृत चिकित्सा केली. उसनी चौकट मराठीला कितपत बसते हा प्रश्न पुढे अरविंद मंगरुळकर आणि कृ. श्री. अर्जुनवाडकर यांनी नेटाने मांडला. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाऊ लागले, त्यामुळे मूल आज दोन्ही भाषांची व्याकरणे जवळजवळ जोडीने शिकते.

विशेषनाम : रावेर, तापी, सातपुडा, बहिणाबाई. इंग्रजीत विशेषनामाचे पहिले अक्षर मोठ्या लिपीत येते. देवनागरीत लहानमोठी अक्षरे नाहीत, म्हणून मराठी मुलाला ही सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते. उपपदाचे नियमही वेगळे आहेत. गावाच्या नावाआधी ‘द’ येत नाही, नदी आणि पर्वतरांग यांच्या नावाआधी येतो : नुसते ‘रावेर’, पण ‘द तापी’ आणि ‘द सातपुडाज’. सामान्यनामही विशेषनामाचा भाग होऊ शकते. ‘युनिव्हर्सिटी’ एरवी सामान्यनाम आहे, पण जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचे नाव इंग्रजीत लिहिताना त्याचेही पहिले अक्षर मोठे होते.

सामान्यनाम आणि समूहवाचक नाम : ‘फार्मर’, ‘ट्रक’, ‘बनाना’ ही सामान्यनामे. समूहाला एकच नाव दिले की ते समूहवाचक. केळीच्या घडाला इंग्रजीत ‘बंच’ म्हणतात आणि फणीला ‘हँड’. बाजार समितीतली ‘कमिटी’ हे याच वर्गातले नाम. समिती एक संस्था म्हणून बोलली तर क्रियापद एकवचनी. सदस्य वेगवेगळे मनात असले तर ब्रिटिश इंग्रजीत अनेकवचनीही चालते, अमेरिकन इंग्रजीत मात्र सहसा एकवचनच. ‘पोलीस’ मराठी माणसाला हमखास फसवतो. मराठीत ‘एक पोलीस आला’ म्हणता येते. इंग्रजीत तो शब्द नेहमी अनेकवचनी, एकट्या शिपायासाठी ‘पोलिसमन’ किंवा ‘पोलीस ऑफिसर’ म्हणावे लागते.

पदार्थवाचक नाम : सोने, कापूस, दूध यांची इंग्रजी नावे या वर्गात येतात. ती साधारणपणे मोजता येत नाहीत, मापता येतात. इथे दोन्ही भाषांचे हिशोब जुळत नाहीत. मराठीत तांदूळ ‘धुतले’ जातात आणि केस ‘पांढरे होतात’, म्हणजे दोन्ही अनेकवचनी. इंग्रजीत ‘राइस’ आणि डोक्यावरचे ‘हेअर’ एकवचनी चालतात. पदार्थवाचक नसलेली काही नामेही अशीच न मोजता येणारी असतात. मराठीत चार सल्ले देता येतात, पण ‘ॲडव्हाइस’चे अनेकवचन होत नाही, ‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’ आणि ‘लगेज’ यांचेही तसेच. स्टेशनवर तीन नग सामान असेल तर ‘थ्री पीसेस ऑफ लगेज’ म्हणावे लागते. उलट मोजता येणारे नामही कधी पदार्थ बनते. डझनावारी ‘बनानाज’ मोजल्या जातात, शिकरणीत कुस्करल्यावर मात्र उरते ते ‘सम बनाना’.

भाववाचक नाम : गुण, अवस्था किंवा क्रिया यांची नावे. मराठीत ‘पणा’, ‘की’, ‘वा’ लावून लहानपणा, पाटीलकी, गोडवा हे शब्द होतात; इंग्रजीत ‘नेस’, ‘हूड’, ‘टी’ लावून ‘काइंडनेस’, ‘चाइल्डहूड’, ‘लॉयल्टी’. मराठी शालेय व्याकरण नामाचे सामान्यनाम, विशेषनाम आणि भाववाचक नाम असे तीनच मुख्य प्रकार मानते. समूहवाचक आणि पदार्थवाचक नामे त्यात सामान्यनामाच्या पोटात जातात. इंग्रजीचे पाच आणि मराठीचे तीन यांत विरोध नाही, वाटणी वेगळी आहे.

लिंग आणि देवघेव : इंग्रजी नामाला व्याकरणिक लिंग नसते, मराठीत तीन लिंगे आहेत आणि रावेरशेजारच्या बऱ्हाणपूरकडे बोलल्या जाणाऱ्या हिंदीत दोन. इंग्रजी नाम मराठीत आले की त्याला लिंग घ्यावेच लागते : तो ट्रक, ती बस, ते स्टेशन. मग विभक्तीसाठी किंवा शब्दयोगी अव्ययाआधी त्याचे सामान्यरूपही होऊ शकते आणि ‘ॲट द स्टेशन’चे ‘स्टेशनवर’ किंवा ‘स्टेशनावर’ बनते. इंग्रजीत नामाआधी येणारे शब्दयोगी अव्यय मराठीत नामानंतर येते. क्रियापदांची गत वेगळी. ‘लोड’ किंवा ‘पॅक’ मराठीत सहसा एकट्याने क्रियापद होत नाहीत, त्यांना ‘करणे’ची जोड लागते : माल लोड केला, खोकी पॅक केली.