बुद्रुकचा धाकटा भाऊ

सातबाऱ्यावर किंवा एसटीच्या पाटीवर गावाच्या नावापुढे 'बु.' नाहीतर 'खु.' असे एक अक्षर आणि टिंब असते. बुद्रुक म्हणजे मोठे, खुर्द म्हणजे लहान, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. शब्द फारसी. खुर्द जसाच्या तसा राहिला, बुजुर्गातल्या 'ज'चा मात्र मराठीत 'द' झाला आणि शेवटच्या 'ग'चा 'क'. हा 'द' काही एकटा नाही. 'गुजश्ता'चे गुदस्ता झाले, जुन्या कागदांत 'नजर'ची नदर झाली, त्याच वाटेने हाही शब्द आला. बहमनी आणि पुढच्या शाह्यांत वसुलाची परिभाषा फारसी होती, तिच्यातून तो गावांना चिकटला. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेऊन दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी गावांच्या नावांतून ही जोडी हलली नाही. ती इतकी घट्ट रुतली, कारण ती गावांचे आपसातले नाते सांगत होती.

मोठे-लहान हा अर्थ खोटा नाही, अपुरा आहे. फारसीत बुजुर्ग म्हणजे वडीलधाराही. आपण 'मोठा भाऊ' म्हणतो तेव्हा त्याची उंची मोजत नाही. हावेरी जिल्ह्यात हिरेकेरूर आणि चिक्केरूर ही गावे आहेत. हिरे म्हणजे थोरले, चिक्क म्हणजे धाकटे, आणि वडिलांच्या धाकट्या भावाला कानडीत चिक्कप्पा म्हणतात. या जोडीत फारसीचा मागमूस नाही. पालघरच्या किनाऱ्यावर डहाणूला लागून धाकटी डहाणू आहे. गावांना भावंडांसारखे ओळखायची रीत इथल्या भाषांत मुरलेलीच होती. फारसीने तिला दफ्तरी शब्द पुरवले.

भावंड जन्मते कसे, ते भूगोलावर ठरते. देशावरचे गाव गावठाणात एकवटलेले, शेते भोवती पसरलेली. माणसे वाढली की शिवेकडची जमीन लागवडीला येते आणि रोज बैल, औत घेऊन तिथवर जाणे, रात्री पिकाची राखण करणे जड जाते. मग चार घरे विहिरीपाशी किंवा ओढ्याकाठी राहू लागतात. ती वाडी. वाडीचा हिशेब मूळ गावातच चालतो. तिला स्वतःचा पाटील, स्वतःची शीव आणि वेगळा वसूल मिळाला, की ती मौजे होते, आणि एका नावाची दोन मौजे वहीत वेगळी ओळखायची गरज तेव्हाच पडते. म्हणून 'खुर्द' ही मला गाव वाढून फुटल्याची नोंद वाटते, 1872च्या पहिल्या शिरगणतीच्या कितीतरी आधीची.

रस्त्याने एक गाव दुभागले, मोठा तुकडा बुद्रुक आणि लहान तो खुर्द, अशीही एक उपपत्ती सांगतात. मध्ये रस्ता किंवा ओढा असेलही. पण दोन्ही बाजूंची घरे एकाच पाटलाकडे सारा भरत राहिली असती, तर दोन नावे लागलीच नसती. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. वड दिसला की वडगाव, पिंपळ दिसला की पिंपळगाव. मग शेजारची दोन नामसारखी गावे कारकुनाने निव्वळ सोयीसाठी थोरली-धाकटी ठरवली नसतील कशावरून? काही जोड्यांत तसे झाले असेल. पण लांबच्या नामसारख्यांना वेगळी खूण लावलेली दिसते: वडगाव मावळ, उरुळी कांचन, उरुळी देवाची. बुद्रुक-खुर्द मात्र सहसा शिवेला शीव लागलेल्या गावांनाच येते. सोयीने झालेले शेजारी कोणते आणि सख्खे कोणते, हे ग्रामदैवत आणि पाटीलकीचे घराणे पाहून जोडीजोडीने तपासावे लागेल.

नाव पडले त्या दिवशीचा हिशेब पुढे टिकतोच असे नाही. पाणी, रस्ता, कारखाना धाकट्याच्या वाट्याला आला, तर खुर्द माणसांनी बुद्रुकपेक्षा मोठे होऊ शकते, आणि तरी खुर्दच राहते. धाकटा भाऊ उंचीने वाढला म्हणून थोरला होत नाही. पुण्यात कोंढव्याची जोडी महापालिकेत कधीच सामावली. 2017 साली आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द एकदमच आत आली. दोघांमधली शीव आता इमारतींखाली गेली आहे, पत्त्यात मात्र 'बु.' आणि 'खु.' अजून लिहावे लागते.