अचानक हल्ला झाला तर : कोरेगाव भीमाला जाणाऱ्या बारामती-इंदापूरच्या बांधवांसाठी

डिसेंबर संपत आला की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या आपल्या वस्त्यांमध्ये कोरेगाव भीमाला जायच्या गाड्या ठरू लागतात. १८१८ च्या लढाईतील शूरवीरांना, १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब ज्या विजयस्तंभापाशी आले होते तिथे, मानवंदना द्यायची असते. डबे, निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, सगळी तयारी होते. वाटेत हल्ला झालाच तर कोणी काय करायचे, एवढेच ठरलेले नसते.

ते का ठरवावे, हे २०१८ ने दाखवले. लढाईला २०० वर्षे झाल्याने त्या दिवशी प्रचंड जनसमुदाय आला होता. कोरेगाव भीमा, सणसवाडी परिसरात दगडफेक झाली, गाड्या फोडल्या, जाळल्या. एका तरुणाचा जीव गेला. ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला, पुढे न्या. जे. एन. पटेल यांचा चौकशी आयोग नेमला गेला. हल्ल्याचा दोष हल्लेखोरांचाच, त्यावर आम्ही बोलत राहणारच आहोत. आजचा विषय पहिल्या पंधरा मिनिटांचा आहे. पोलीस पोहोचेपर्यंत म्हातारी आई आणि कडेवरचे लेकरू आपल्याच हाती असते. नंतरच्या वर्षांत मोठ्या बंदोबस्तात कार्यक्रम शांततेत झाले आहेत, तेव्हा भिऊन घरी बसायचे कारण नाही.

निघण्यापूर्वी प्रत्येक गाडीत एक जबाबदार माणूस नेमा आणि माणसांची यादी कागदावर लिहा. एवढ्या गर्दीत फोन लागेलच असे नाही, म्हणून चुकामूक झाल्यास भेटायच्या दोन जागा ठरवा : एक वाहनतळावर, दुसरी तिथून बरीच लांब. लहान मुलांच्या खिशात नाव-नंबरची चिठ्ठी ठेवा. गाडी उभी करताना तोंड बाहेरच्या बाजूला असू द्या. इंदापूर-भिगवणच्या गाड्या सोलापूर महामार्गाने येतात, बारामतीच्या पाटसला त्याच महामार्गाला लागतात. पण पुढचा नेहमीचा रस्ता बंद झाला तर दुसरा कोणता, हे चालकाला तोंडपाठ हवे.

आता प्रत्यक्ष प्रसंग. गोंधळ सुरू झाला की बहुतेक जण एक तर जागीच थिजतात किंवा काय चाललंय ते बघायला पुढे जातात. आमची पोरं तर आधी मोबाईल काढतात! ब्रिटनच्या पोलिसांनी अशा वेळेसाठी लोकांना तीन शब्द शिकवले आहेत : पळा, लपा, कळवा. क्रम महत्त्वाचा आहे. सुरक्षित वाट दिसत असेल तर सामान टाकून निघा. वाट नसेल तर पक्क्या भिंतीआड जा, दार लावा, फोनचा आवाज बंद करा. मग ११२ ला फोन करा आणि जवळची ओळखीची खूण सांगा.

दगडफेकीत डोके वाचवायचे असते. पिशवी, सतरंजी, जे हाताशी असेल ते डोक्यावर धरा. चालत्या गाडीत असाल तर काचांपासून दूर, खाली वाका आणि शक्य तोवर गाडी थांबवू नका. गाडी अडकली आणि जाळपोळ जवळ आली तर मात्र ती सोडा. गाडी पुन्हा घेता येते.

चेंगराचेंगरीचा धोका हल्ल्याइतकाच मोठा. मांढरदेवीला २००५ मध्ये अडीचशेहून अधिक भाविक गेले, एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २०१७ मध्ये २३ जण. गर्दीत छाती दाबली गेली की उभ्या उभ्या श्वास कोंडतो. दोन्ही हात छातीपुढे धरून जागा राखा, लोंढ्याच्या उलट जाऊ नका, तिरके सरकत कडेला या. पडलात आणि उठता येईना तर कुशीवर वळून डोके हातांनी झाका.

तरुणांना एक स्पष्ट सांगतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण तो गरजेपुरता. पळणाऱ्याच्या मागे धावणे त्यात बसत नाही. आणि तुम्ही धावलात की गाडीतल्या बायाबापड्यांजवळ कोण उरते?

कोणाला रक्तस्राव होत असेल तर स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरा. बघण्यासाठी उचलू नका; कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवा. आत रुतलेली काच ओढून काढू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८. पोलीस केस आहे म्हणून खासगी डॉक्टरही तातडीचे उपचार नाकारू शकत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९८९ चा निकाल आहे.

तक्रारीसाठी घटनास्थळाच्याच ठाण्यात जावे लागते हा गैरसमज आहे. परतल्यावर बारामती, इंदापूर किंवा भिगवण ठाण्यातही 'झिरो एफआयआर' नोंदवता येतो (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३) आणि त्याची प्रत मोफत मिळते. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १८-अ नुसार गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. दाद लागली नाही तर अत्याचारविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६ आहे. सुरक्षित जागेवरून काढलेला मूळ व्हिडिओ फोनमधून पुसू नका, मात्र खात्री न केलेले मेसेज वस्तीच्या ग्रुपवर टाकू नका. रक्ताचे कपडे धुऊ नका, वाळवून कागदी पिशवीत ठेवा. फुटलेल्या गाडीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि पंचनामा होईपर्यंत ती गॅरेजला देऊ नका.