पाचोडचा संध्याकाळचा वर्ग

आमची कळंबोली म्हणजे लोखंडाचा बाजार आणि ट्रकांची वर्दळ. पोटासाठी मराठवाड्यातून आलेली घरं इथं आहेत, म्हणून आज तिकडचीच गोष्ट.

पण आधी गडचिरोली. डॉ. राणी बंग यांनी तिथल्या दोन गावांत 650 बायकामुलींची तपासणी केली. त्यांत 13 वर्षांच्या पोरीही होत्या. शंभरातल्या 92 जणींना अंगावरून जाणं, पाळीचा त्रास, असं काहीतरी निघालंच. त्याआधी अशी तपासणी झालेल्या शंभरात फक्त आठ. 1989 साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. बाई बोलत नाही म्हणजे तिला दुखत नाही, असं समजणाऱ्यांना ते चांगलंच लागलं असणार!

आता पाचोड, पैठण तालुक्यातलं. तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट या संस्थेनं 1998-99 मध्ये 17 गावांत 12 ते 18 वयाच्या, लग्न न झालेल्या मुलींचे वर्ग काढले. संध्याकाळी एक तास, आठवड्याचे पाच दिवस, वर्षभर. संध्याकाळीच, कारण दिवसा पोरी शेतात नाहीतर धाकट्या भावंडांपाशी. शिकवणारी बाई गावातलीच. आहार, शरीर, पाळी, शिवाय ग्रामपंचायत कशी चालते तेही. काय शिकवायचं हे ठरवताना आईबापांनाही विचारलं. हे केलं नसतं तर वर्ग महिनाभरात बंद पडला असता, असं आम्हांला वाटतं. पोरीला वर्गात पाठवायचं की नाही, तिचं लग्न कधी करायचं, हे ती थोडंच ठरवते?

कायद्यानं मुलीचं लग्नाचं वय 1978 पासून 18. तरी त्या गावांत निम्म्या मुली सोळाव्या वर्षापर्यंत सासरी गेलेल्या असत. वर्ग सुरू झाल्यावर काही वर्षांत ते सतरावर आलं. एकच वर्ष! पण त्या वयात हाडं अजून वाढत असतात, दर महिन्याला रक्त जातं, आणि ताटात मात्र सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं. त्यात बाळंतपण आलं तर दोघांच्या जिवाला धोका.

2013 पासून शाळेत आणि अंगणवाडीत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात. उपाशीपोटी घेतली की मळमळतं, मग पोरी ती गुपचूप फेकतात. आईला हे ठाऊक असेल तर त्या दिवशी ती पोरीला आधी जेवायला वाढते.