युनिक्समधील विशेषाधिकारी पोर्ट : एका नियमाची ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना

मराठवाड्याच्या इतिहासाच्या अभ्यासकास माहूरच्या देशमुखीसारखी वतने परिचित आहेत. वतनाचे मूळ प्रयोजन संपले तरी त्याचा मान व हक्क पुढे दीर्घकाळ टिकून राहतात, हेही त्यास ठाऊक असते. संगणकाच्या अल्पवयीन इतिहासातही असे एक वतन आढळते. संगणकाकडे आलेला संदेश त्यातील कोणत्या सेवेसाठी आहे, हे पोर्ट क्रमांकावरून ठरते. हे क्रमांक ० ते ६५५३५ असे असून, युनिक्स कुळातील प्रणालींत १०२४ च्या खालील क्रमांकावर सेवा सुरू करण्याचा अधिकार परंपरेने केवळ ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्यास आहे. वेबचा ८०, ई-मेलचा २५ हे क्रमांक याच हद्दीत येतात. रूटचा अधिकार नसताना हे पोर्ट कसे हाताळावेत, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो. परंतु त्याची उकल इतिहासातच सापडते.

नियमाचा उगम

हा नियम कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील युनिक्समधून, विशेषतः १९८३ च्या ४.२ बीएसडी या आवृत्तीमधून सर्वत्र रूढ झाला. इंटरनेटच्या मूळ प्रमाणकांचा तो भाग नव्हता. विंडोज प्रणालीने तो स्वीकारलाही नाही. बर्कलीच्या ‘आरलॉगिन’ व ‘आरएसएच’ या सोयींद्वारे एका यंत्रावरील वापरकर्त्यास परवलीच्या शब्दाविना दुसऱ्या यंत्रावर प्रवेश मिळत असे. विनंती १०२४ च्या खालील पोर्टवरून आली, म्हणजे ती तेथील रूटच्या संमतीने आली, आणि रूट म्हणजे विद्यापीठाचा जबाबदार कर्मचारी, असे ते गृहीतक होते. यंत्रे महागडी, मोजकी आणि संस्थांच्या ताब्यात होती, तोवर ते अगदीच भोळे म्हणता येणार नाही.

१९८५ मध्ये रॉबर्ट टी. मॉरिस याने आपल्या टिपणात या विश्वासव्यवस्थेस बाहेरून कसे फसवता येते, हे दाखवून दिले. याच मॉरिसच्या ‘वर्म’ने २ नोव्हेंबर १९८८ रोजी असंख्य यंत्रे ठप्प केली. त्या वर्मने आरएसएचच्या परस्परविश्वासाचा उपयोग केलाच, शिवाय सेंडमेल व फिंगर या सेवांमधील दोषांचाही केला. नियमाची दुसरी बाजू अशा प्रसंगी लक्षात येते. खालचा पोर्ट हवा म्हणून सेवा रूटच्या अधिकाराने सुरू करावी लागे. आणि तो अधिकार पुढे सोडून दिला नाही, तर सेवेतील एखादी चूक संपूर्ण यंत्र परक्याच्या हाती देई. संरक्षणार्थ केलेला नियमच धोक्याचे कारण ठरत होता.

महाराष्ट्रातील अनुभव

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली. तिच्या स्वस्त ‘शेल’ खात्यांचे धारक युनिक्स यंत्रावरील सामान्य वापरकर्ते होते; रूट कोणी दूरचा अधिकारी होता. पुढे लिनक्सच्या सीडी मासिकांसोबत मिळू लागल्या आणि घरच्या संगणकावर लिनक्स बसवणारा प्रत्येक विद्यार्थी रूट झाला. ‘खालचा पोर्ट म्हणजे विश्वासू प्रशासक’ हे समीकरण तेथेच संपले. नियम मात्र राहिला.

त्याची किंमत लहान महाविद्यालये मोजतात. प्रस्तुत लेखकाने पाहिलेल्या एका प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांचा वेब सर्व्हर ८० क्रमांकावर चालेना, म्हणून रूटचा परवलीचा शब्द फळ्यावर लिहून देण्यात आला होता. एका दारासाठी वाड्याच्या सगळ्या किल्ल्या वाटल्या गेल्या. महिनाभरात कोणाची तरी प्रात्यक्षिके पुसली गेली. कोणी पुसली हे ठरवता आले नाही, कारण नोंदीत सर्वत्र रूट हे एकच नाव होते.

पर्यायांचा विकास

अपाचे सर्व्हरने रूट म्हणून पोर्ट उघडून लगेच सामान्य खात्याचा वेष घेण्याची रीत पाळली. ८० वर आलेली वाहतूक ८०८० कडे वळवणे हा दुसरा मार्ग. परंतु ८०८० कोणासही घेता येतो, त्यामुळे सर्व्हर बंद पडताच त्याच यंत्रावरील दुसरा वापरकर्ता ती जागा बळकावू शकतो. बहुवापरकर्ता यंत्रावर जुन्या नियमास आजही अर्थ उरतो तो एवढाच, आणि तो नाकारता येत नाही.

खरा बदल अधिकाराच्या विभाजनाने झाला. १९९९ च्या लिनक्स २.२ मध्ये रूटची सत्ता स्वतंत्र ‘केपेबिलिटी’मध्ये विभागली गेली आणि २००८ च्या २.६.२४ आवृत्तीपासून त्यांपैकी केवळ खालचे पोर्ट उघडण्याची सनद ‘सेटकॅप’ आज्ञेने एखाद्या प्रोग्रामच्या फाइलला देता येऊ लागली. येथे दक्षता हवी. ही सनद पायथॉनच्या इंटरप्रिटरला दिल्यास त्यावर चालणाऱ्या कोणाच्याही प्रोग्रामला ती लाभते. तसेच अद्ययावतीकरणात फाइल बदलली की सनद नाहीशी होते आणि सेवा अचानक बंद पडते. २०१७ च्या ४.११ आवृत्तीने तर १०२४ ही सीमाच प्रशासकाच्या मर्जीवर सोडली. एका ओळीने ती ८० वर आणता येते. २२ सारखे त्याखालील पोर्ट राखीवच राहतात.

उपरोक्त प्रयोगशाळेत शेवटी हाच मार्ग स्वीकारण्यात आला. फळा पुसला गेला, रूटचा परवलीचा शब्द बदलला आणि प्रत्येक विद्यार्थ्यास त्याच्या नावाचे खाते मिळाले.