स्कंधसंधी (खांद्याचा सांधा)

दंडाच्या हाडाचे गोल डोके आणि अंसफलक या पाठीवरील चपट्या त्रिकोणी हाडाची उथळ खाच यांनी बनलेला, मानवी शरीरातील सर्वांत मोकळा सांधा. कोणत्याही क्षणी डोक्याचा जेमतेम पाव ते एक तृतीयांश भाग खाचेला टेकलेला असतो. मोठ्या सांध्यांपैकी हाच सर्वाधिक वेळा निखळतो, म्हणून त्याची रचना सदोष ठरवली जाते. हा निष्कर्ष घाईचा आहे. खुब्याची खोल वाटी शरीराचा भार पेलते, पण तिच्या उंच कडेमुळे मांडीची हालचाल लवकर अडते. हात बाजूने उचलून डोक्यावर नेताना होणाऱ्या १८० अंशांपैकी सुमारे १२० अंश स्कंधसंधीत घडतात, उरलेले अंसफलकाच्या फिरण्यातून मिळतात; खोल खाचेत हे शक्यच नव्हते.

स्थैर्याचा मोठा भार येथे हाडांऐवजी स्नायूंवर आहे. सांध्याभोवतीच्या रोटेटर कफ या स्नायुवेष्टणाचे चार स्नायू डोके खाचेत दाबून धरतात, आणि विशेष म्हणजे हात फिरत असतानाही धरतात. मग सांधा निखळतो कसा? स्नायूंचे हे वेष्टण खालच्या बाजूस नाही. हात वर उचलून बाहेर वळलेला असताना आघात झाला, की डोके बहुधा पुढे व खाली घसरते. त्यात खाचेची कूर्चामय कड फाटली, तर विशेषतः तरुणांत सांधा पुन्हा निखळण्याचा धोका वाढतो.