उत्प्रेरक मेला, हे कळावे कसे?

पोटॅशियम क्लोरेटमध्ये चिमूटभर मँगनीज डायऑक्साइड घालून ऑक्सिजन तयार करण्याचा प्रयोग आपण सर्वांनीच वर्गात कधी ना कधी केलेला असतो. प्रयोग संपला की आपण सांगतो, मँगनीज डायऑक्साइड होता तसाच राहिला, कारण तो उत्प्रेरक आहे. अशा वेळी एखादा विद्यार्थी विचारतो, ‘सर, मग आमच्या जुन्या गाडीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बाद कसा झाला?’ प्रश्न बिनतोड आहे. त्याचे उत्तर व्याख्येत नाही, इतिहासात आहे.

युजीन हूड्री हा फ्रेंच अभियंता १९३० साली अमेरिकेत गेला. जड खनिज तेलाचे उत्प्रेरकाच्या साहाय्याने पेट्रोल करण्याची पद्धत त्याने विकसित केली. या पद्धतीत उत्प्रेरकावर काही मिनिटांतच काजळी साचे आणि तो निकामी होई. हूड्री त्यावर गरम हवा सोडून काजळी जाळून टाकी आणि उत्प्रेरक पुन्हा कामाला लागे. म्हणजे उत्प्रेरक ‘मरतो’ हे या गृहस्थाला चांगलेच ठाऊक होते.

पुढे १९५० च्या सुमारास लॉस एंजलिसच्या धुरक्याचा प्रश्न गाजू लागला. मोटारींच्या धुरातील हायड्रोकार्बन व नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाश पडून ते तयार होते, असे आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने दाखवले. मोटारीचा धूर उत्प्रेरकावरून नेऊन निरुपद्रवी करण्याच्या साधनाचे पेटंट हूड्रीला १९५६ साली मिळाले. पण मोटारींवर ते चालले नाही, कारण त्या काळच्या पेट्रोलमध्ये शिसे होते. इंजिन ठोके देऊ नये म्हणून टेट्राएथिल लेड मिसळण्याची प्रथा १९२० च्या दशकापासून पडली होती. शिशाची संयुगे उत्प्रेरकाच्या सच्छिद्र पृष्ठभागावर बसतात, आणि काजळीसारखी ती जाळून टाकता येत नाहीत. धातू जागेवर असतो, पण वायूचे रेणू त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. आपल्या विद्यार्थ्याला द्यायचे उत्तर हेच : अभिक्रियेने उत्प्रेरक खर्च होत नाही, पण त्याचा पृष्ठभाग झाकला जाऊ शकतो.

अमेरिकेत १९७० साली स्वच्छ हवेचा कायदा कडक झाला आणि १९७५ च्या बहुतेक नव्या गाड्यांना कन्व्हर्टर बसले. त्यासाठी पंपांवर शिसेविरहित पेट्रोल ठेवावे लागले. गंमत अशी, की शिसे हटवण्याचे एक मोठे कारण माणूस नव्हता, उत्प्रेरक होता! फायदा मात्र माणसाला झाला. १९७६ ते १९८० या काळात अमेरिकेतील लोकांच्या रक्तातील शिशाचे सरासरी प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांनी घटले.

खरी अडचण यापुढची. शिशाचे पेट्रोल स्वस्त होते. शिसेवाल्या पंपाची जाड तोटी आत जाऊ नये म्हणून नव्या गाड्यांच्या टाकीचे तोंड अरुंद केले होते. लोकांनी ते रुंद केले किंवा सरळ नरसाळे लावले. गाडी पूर्वीसारखीच पळे. विष भिनल्याचे ना मालकाला कळे, ना रस्त्यावरच्या माणसाला. म्हणून तपासनीस धुराच्या नळीच्या आतल्या बाजूला एक रासायनिक चाचणी-कागद ओला करून दाबत. शिसे असेल तर कागदाचा रंग बदले. ही युक्ती लिटमसच्याच जातीची म्हणायची.

मेकॅनिकांचीही काही लक्षणे ठरलेली असतात. डबा हलवला की आत खडखड वाजणे, म्हणजे चिनीमातीची जाळी फुटली. चढावर दम न धरणे, म्हणजे बहुधा जाळी वितळून वाट बुजली. स्पार्क प्लग नीट पेटत नसेल तर न जळलेले पेट्रोल आत जाऊन तिथे जळते आणि जाळी वितळते, म्हणून मूळ दोष काढल्याशिवाय नवा डबा बसवणे म्हणजे पैसे पाण्यात. सडक्या अंड्याच्या वासाबद्दल मात्र गैरसमज आहे. पेट्रोलमधील गंधकापासून हायड्रोजन सल्फाइड बनवतो तो बहुधा जिवंत उत्प्रेरकच. वास येतो तो पेट्रोल प्रमाणाबाहेर जात असल्यामुळे.

पण शांतपणे मेलेल्या उत्प्रेरकाला यांतले एकही लक्षण नसते. त्याला पकडले ऑक्सिजन-संवेदकांच्या जोडीने. डब्याच्या आधीचा संवेदक धुरातील ऑक्सिजन मोजतो आणि त्यावरून इंजिनाचे मिश्रण सतत किंचित कमीजास्त होत राहते. त्याचा विद्युतदाब साधारण ०.१ ते ०.९ व्होल्ट असा वरखाली नाचतो. चांगल्या कन्व्हर्टरमधील सिरियम ऑक्साइड जादा ऑक्सिजन साठवते आणि कमी पडला की देते. त्यामुळे डब्यानंतरचा संवेदक जवळजवळ स्थिर असतो. दुसराही पहिल्याबरोबर नाचू लागला, की साठवण संपली असे समजावे. १९९६ पासून अमेरिकेतील नव्या मोटारींना ही व्यवस्था सक्तीची झाली. बिघाड झाला की चालकासमोर दिवा लागतो.

आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि शिसेविरहित पेट्रोलही आधी तिथेच आले. देशभरातून शिसे गेले ते फेब्रुवारी २००० मध्ये. मधल्या पाच वर्षांत मुंबईची एखादी नवी गाडी दूर गावी गेली आणि टाकी रिकामी झाली, तर मालक मिळेल ते पेट्रोल भरून घरी परतत असे. गाडी उत्तम चाले, आणि समोर दिवाही लागत नसे.